पुढे टक्के, मागे बारीक अक्षर

दिवाळीच्या आधी साफसफाई काढली आणि यावेळी बाथरूममधला रॅक पहिल्यांदाच पूर्ण रिकामा केला. सगळं हॉलमध्ये जुन्या चादरीवर मांडून मोजलं, तर चार माणसांच्या घरात ३४ बाटल्या, ट्यूब आणि डब्या. त्यातल्या तीन एक्सपायर झालेल्या, अकरा अर्धवट सोडलेल्या, आणि एक अशी की ती कुणी आणली हे अजून कुणी कबूल केलेलं नाही. सासूबाई सोफ्यावर बसून बघत होत्या, म्हणाल्या, "अगं एवढ्यात माझ्या माहेरचं अख्खं गाव वर्षभर आंघोळ करेल."

मी कराडची. आमच्या मोरीत साबणदाणीत एक साबण, तो सहा जणांचा, आणि तो संपत आला की उरलेली पातळ चकती नव्या वडीला चिकटवायची. खोबरेल तेलाचा पत्र्याचा डबा, रविवारी शिकेकाई, बाबांची तुरटी, झालं. साबण कुठला आणायचा हे घरात ठरायचंच नाही, ते वाण्याच्या वहीत ठरलेलं असायचं. आई चिठ्ठीवर नुसतं "साबण २" लिहायची आणि वाणी बरोबर तोच द्यायचा.

आता बाटल्या वाढल्या याचं मला तितकं नवल नाही, हातात पैसे आले की वस्तू येतातच. नवल याचं वाटतं की माझी लेक, नववीत आहे, बाटली हातात घेतली की आधी उलटी करते. पुढचा फोटो, नाव, फुलं-पानं याकडे बघतच नाही, मागचं बारीक अक्षर वाचते. "मम्मा यात फ्रॅगरन्स आहे", "यात नायसिनामाइड पाचव्या नंबरला आहे". मला दहावीत केमिस्ट्रीची सूत्रं पाठ होत नव्हती आणि ही पोरगी सॅलिसिलिक ॲसिड तेलात विरघळतं म्हणून छिद्रात जातं आणि ग्लायकोलिक पाण्यात विरघळतं म्हणून वरवर काम करतं असं पोळी खाताखाता सांगते. नायसिनामाइड म्हणजे बी-३ जीवनसत्त्वाचाच प्रकार हेही मला तिच्याकडूनच कळलं.

हे सगळं गेल्या चारपाच वर्षांतलं आहे. जयपूरच्या दोन भावांनी २०२० साली मिनिमलिस्ट नावाचा ब्रँड काढला, बाटलीवर ना हिरॉइन ना गुलाब, नुसतं औषधाच्या दुकानासारखं पांढरं लेबल आणि त्यावर घटकाचं नाव आणि टक्के. लोकांना तेच आवडलं. इतकं आवडलं की जानेवारी २०२५ मध्ये हिंदुस्तान युनिलिव्हरने त्यातला ९०.५ टक्के हिस्सा घ्यायचं जाहीर केलं, २,६७० कोटी रुपयांना. ज्या कंपनीने आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या सिनेतारकांचे फोटो दाखवून साबण विकला तिने टक्के विकणाऱ्यांना विकत घेतलं, यातच काय ते आलं. आता प्रत्येक जण टक्के छापतो. शाम्पूवर टक्के, बॉडी लोशनवर टक्के, परवा तर लिप बामवर बघितले.

आणि इथेच माझी पहिली तक्रार आहे. टक्के म्हटलं की आपल्याकडे डोक्यात मार्कशीटच येते ना, ९० म्हणजे ७० पेक्षा हुशार. तेच लेकीने सिरमला लावलं. पाच टक्के आहे तर दहा घेऊया, दहा आहे तर त्याच्यावर आणखी एक लाल रंगाचं ॲसिडवालं पीलिंग मिळतं ते दहा मिनिटं लावूया. पंधरा दिवसात गाल असे लाल झाले की साधं पाणी लागलं तरी चुरचुरायचं. स्किनच्या डॉक्टरांनी सगळ्या बाटल्या टेबलावर मांडायला लावल्या, एकेक बाजूला सरकवली, आणि शेवटी साधा फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एवढंच उरवलं. म्हणाल्या चौदा वर्षांच्या चेहऱ्याला अजून दुरुस्त करण्यासारखं काही झालेलंच नाहीये. वर हेही सांगितलं की नायसिनामाइडवर जे अभ्यास झालेत ते बहुतेक दोन ते पाच टक्क्यांवरचे, त्यापुढे फायदा टक्क्यांच्या हिशोबाने वाढत नाही, आग मात्र वाढू शकते. बिल ८०० रुपये, आणि बाजूला सरकवलेल्या बाटल्यांची किंमत घरी येऊन जोडली ती मी इथे लिहिणार नाही कारण नवरा ब्लॉग वाचतो.

(नवऱ्याचंही सांगते. दाढी वाढवलीये. दाढीचं तेल वेगळं, दाढीचा कंगवा वेगळा. त्याचे वडील एका ब्लेडवर आठवडा काढायचे.)

सनस्क्रीन मात्र मी मनापासून मान्य केलंय. आमच्या पिढीला हे माहीतच नव्हतं, ऊन म्हणजे ओढणी बांधायची आणि निघायचं. पण इथेही आकड्यांची गंमत बघा. एसपीएफ म्हणजे ट्यूबवरचा तो मोठा आकडा, तो ३० असेल तर साधारण ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारी किरणं अडवतं आणि ५० अडवतं ९८, म्हणजे फरक एका टक्क्याचा, पण आपण दुकानात ५० च मागतो. त्यात हा आकडा नुसत्या यूव्हीबीचा, यूव्हीए, म्हणजे त्वचेत आणखी आत जाणारी किरणं, त्यांच्यासाठी ट्यूबवरच्या "पीए" या अक्षरांपुढचे प्लस मोजायचे. आणि हा आकडा कधी खरा, तर त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लावलं तर, कारण लॅबमध्ये तसं लावूनच मोजतात. म्हणून ते दोन बोटांवर दोन रेघा काढायच्या म्हणतात. तेवढं खरंच रोज लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब दीड महिन्यात संपायला पाहिजे. माझी पहिली ट्यूब सात महिने पुरली! म्हणजे सात महिने मी डोंबिवली स्टेशनच्या पुलावर ५० समजून बहुतेक दहाच्या भरवशावर उभी होते.

बाटलीवरच्या आकड्यावरून तर कोर्टकचेरीही झाली. एप्रिल २०२५ मध्ये हिंदुस्तान युनिलिव्हरच्याच लॅक्मेच्या जाहिरातीत असं आलं की ऑनलाइन बेस्टसेलर म्हणवणाऱ्या सनस्क्रीनवर लिहिलेलं असतं ५० आणि टेस्टमध्ये निघतं २०. त्यावर डर्मा को ब्रँडवाल्या होनासाने दिल्ली हायकोर्ट गाठलं आणि शेवटी युनिलिव्हरने जाहिरात बदलायचं मान्य केलं. कोण खरं कोण खोटं ते बाजूला ठेवा, मला मजा याची वाटली की भांडण "आमच्याने गोरेपणा जास्त येतो" यावरून नव्हतं, टेस्टवरून होतं.

गोरेपणाचं निघालंच आहे तर, फेअर अँड लव्हली १९७५ ला आली आणि २०२० मध्ये तिचं नाव ग्लो अँड लव्हली झालं. फेअर गेलं ते बरंच झालं. पण मागच्या महिन्यात लेकीच्या मैत्रिणी घरी होत्या तेव्हा कान देऊन ऐकलं, डी-टॅन, ब्राइटनिंग, ग्लास स्किन, इव्हन टोन. चारही शब्दांचा अर्थ माझ्या मावशीला विचारलात तर ती एकाच शब्दात सांगेल.

कोरियन प्रकरण आमच्याकडे उशिरा आलं पण आलं ते जोरात. तांदळाच्या पाण्याचं टोनर मागवलं होतं लेकीने, खालून सिक्युरिटीने पार्सल दिलं, सासूबाईंनी विचारलं हे काय, तर ती म्हणाली "आजी, राइस वॉटर." आजी आत गेल्या, तांदूळ धुतलेलं पाणी त्या रोज कुंडीतल्या मोगऱ्याला घालतात, ते पातेलं घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "हे घे, रोज लिटरभर देते." आता धुवण आणि टोनर एक नाही हे मलाही कळतं, त्यात आंबवणं, प्रिझर्व्हेटिव्ह, पीएच वगैरे असतं, घरातलं पाणी दुसऱ्या दिवशी वास मारतं. पण त्या पातेल्याला उत्तर द्यायला लेकीकडे काहीच नव्हतं. गोगलगायीच्या चिकट स्रावाचं पण एक मिळतं, ते मी आजींना अजून सांगितलेलं नाही. चातुर्मास चालू होता.

कांद्याचं तर विचारू नका. मामाअर्थने कांद्याचं तेल घराघरात पोचवलं, २०१६ ला सुरू झालेली कंपनी आणि तिचं सगळ्यात ओळखीचं प्रॉडक्ट कांदा! लासलगावला शेतकरी कांदा रस्त्यावर ओततो त्याच दिवशी फोनवर कांद्याच्या तेलाची जाहिरात येते तेव्हा कसंतरीच होतं. कांद्यानंतर रोझमेरी. रोझमेरीबद्दल एवढं आहे की २०१५ साली एक अभ्यास आला होता, शंभर जणांवर, सहा महिने, रोझमेरीचं तेल आणि दोन टक्के मिनॉक्सिडिल (केस गळतीवर लावायचं औषध) यांची तुलना, आणि दोन्हीचा परिणाम साधारण सारखा निघाला. रील्समध्ये मिनॉक्सिडिलइतकंच भारी असं ओरडून सांगतात, पण अभ्यास एक, माणसं शंभर, आणि सहा महिने रोज चिकाटीने लावणं हे कुणी ओरडून सांगत नाही. आमच्याकडची बाटली तिसऱ्या आठवड्यापासून रॅकवर आहे.

माझी बहीण वाघोलीला राहते, टँकरचं पाणी, केस गळतात म्हणून शॉवरला लावायचा फिल्टर घेतला. पुण्याच्या त्या बाजूला आता सोसायटीच्या ग्रुपवर हाच विषय. तिला म्हटलं अगं पाणी जड असतं ते कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे, ते काढायला रेझिनच्या बारीक मण्यांची मोठी टाकी लागते आणि ती मधूनमधून मिठाने धुवावी लागते, मुठीएवढ्या डब्यात ते होत नाही, फारतर क्लोरीन कमी होईल आणि गाळ अडेल. ती म्हणाली तुला काय माहीत, तुमच्याकडे नळाला पाणी आहे. तेही खरंच.

आता जरा तेलाकडे येते कारण ३४ मधली मला सगळ्यात आवडती बाटली तीच. निळी, खोबरेलाची. नव्या मंडळींना माहीत नसेल, आधी खोबरेल पत्र्याच्या डब्यात यायचं आणि हिवाळ्यात ते गोठलं की आई डबा उन्हात ठेवायची, कारण २४-२५ डिग्रीच्या खाली ते घट्ट होतं. प्लॅस्टिकची बाटली आणायची म्हटलं तेव्हा दुकानदार तयारच होईनात, का तर उंदीर. त्याआधी कुणीतरी चौकोनी बाटल्या आणल्या होत्या आणि त्या उंदरांनी कुरतडल्या होत्या. मग पॅराशूटवाल्या हर्ष मारीवालांनी बाटली गोल केली, उंदराला दात रोवायला कोपराच ठेवला नाही, आणि पिंजऱ्यात उंदीर आणि बाटल्या ठेवून दुकानदारांची खात्री पटवली. माझ्या मते अख्ख्या पर्सनल केअरमधलं हे सगळ्यात खरं टेस्टिंग.

तर लेकीचं बघून मीपण ती बाटली उलटी केली. केस हा शब्दच नाही! हिरवा ठिपका आहे, शाकाहारी खाण्याच्या पदार्थावर असतो तो. आम्ही तीन पिढ्या डोक्याला लावतोय आणि कागदोपत्री ते खायचं तेल आहे. कारण टॅक्स. खायच्या तेलाला ५ टक्के जीएसटी आणि केसाच्या तेलाला तेव्हा १८ होता. छोट्या बाटलीतलं खोबरेल नक्की कशात मोडतं यावरून सरकार आणि कंपन्या वर्षानुवर्षं कोर्टात होते, २०१८ ला सुप्रीम कोर्टात दोन जजांचं एकमत झालं नाही, मग तीन जजांपुढे गेलं आणि १८ डिसेंबर २०२४ ला निकाल लागला की केसाचं तेल म्हणून विकत नसाल आणि खाण्याच्या नियमात बसत असेल तर ते खायचंच तेल, बाटली लहान आहे म्हणून ते केसाचं होत नाही. आणि पुढे काय, तर २२ सप्टेंबर २०२५ ला केसाच्या तेलाचाच जीएसटी १८ वरून ५ वर आला. एवढी वर्षं भांडून निकाल लागला आणि नऊ महिन्यात फरकच उरला नाही.

आमच्या डोंबिवलीकरांना हे भांडण नवीन नाही म्हणा. इथलं पेंढरकर कॉलेज ज्यांच्या नावाचं आहे त्या केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ मध्ये विको सुरू केली आणि त्यांची हळदीची क्रीम सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध यावरून एक्साइज खात्याशी त्यांचीही केस कित्येक वर्षं चालली होती. म्हणजे बाटलीवर काय लिहायचं हे नेहमी त्वचेवरून ठरत नाही, कधीकधी वकील ठरवतो.

त्या सप्टेंबरच्या जीएसटीच्या यादीकडे नीट बघितलं तर अजून एक गंमत दिसते. साबणाची वडी, शाम्पू, टूथपेस्ट, टाल्कम पावडर, दाढीचं क्रीम हे सगळं ५ वर आलं. बॉडीवॉश, सनस्क्रीन, सिरम १८ लाच राहिलं. म्हणजे दिल्लीत बसून कुणीतरी आमच्या रॅकच्या मधोमध रेघ मारलीये, अलीकडचं कराडच्या मोरीतलं आणि पलीकडचं लेकीचं. सनस्क्रीन त्या रेघेच्या पलीकडे गेलं हे मला पटलेलं नाही. उन्हात काम करणाऱ्या बाईला लिपस्टिकचा टॅक्स का?

वडीचंही एक सांगते, हे मी स्वतः शोधलं, लेकीने नाही. साबणाच्या कागदावर "टीएफएम" असं असतं, म्हणजे त्यात तेला-चरबीचा खरा साबण किती ते. ७६ टक्के किंवा जास्त असेल तर ग्रेड १, ७० ला ग्रेड २, ६० ला ग्रेड ३. आणि त्याच्याही खाली असेल तर त्याला टॉयलेट सोप म्हणताच येत नाही, त्याला "बेदिंग बार" म्हणतात, तिथे ४० टक्के असलं तरी चालतं. आमच्याकडच्या पाचातले तीन बेदिंग बार निघाले, त्यातला एक सगळ्यात महाग. दुसरं बघायचं ते ग्रॅम. पामतेल महागलं की कंपन्या दहा रुपयांच्या वडीचे दहा रुपयेच ठेवतात आणि वडी बारीक करतात, हे सगळ्यांना माहीत असतं पण वजन कुणी वाचत नाही. टक्के वाचणारी माझी लेकसुद्धा ग्रॅम वाचत नाही.

आमच्या कोपऱ्यावरचे शेठ म्हणतात की आता मुली नाव सांगत नाहीत, फोनवरचा फोटो पुढे करतात, आणि माल नसेल तर दहा मिनिटात दुसरीकडून मागवतात, दुकानाच्या पायरीवर उभं राहूनच! त्यांचा खरा धंदा अजून पुड्यांवर चालतो. एक-दोन रुपयांच्या शाम्पूच्या त्या पुड्या. आपल्याकडे पुडी घराघरात नेली ती कडलूरच्या सी. के. रंगनाथन यांनी, १९८३ ला पंधरा हजार रुपयांवर धंदा सुरू केला होता, पुढे त्यांच्या चिक शाम्पूची पुडी पन्नास पैशाला मिळायची. आणि आता ऑनलाइन जे "मिनी" आणि "ट्रायल पॅक" म्हणून छान खोक्यात येतं ते काय आहे, पुडीच की. फक्त कामवाल्या मावशी घेतात ती पुडी आणि आम्ही घेतो ते मिनी. शेठ तर शपथेवर सांगतात की बऱ्याच शाम्पूंचं पुड्यांमधून घेतलं तर मोठ्या बाटलीपेक्षा मिलिलिटरमागे स्वस्त पडतं, मी दोन ब्रँडचं करून बघितलं, दोन्ही वेळा त्यांचंच बरोबर. कचऱ्याचं काय ते मात्र त्यांनाही विचारलं नाही आणि मलाही उत्तर नाही, ती पुडी भंगारवालाही घेत नाही.

असो. ३४ पैकी ८ फेकल्या, ५ मावशींना विचारून दिल्या (त्यांनी दोन परत केल्या, वास आवडला नाही), बाकी परत रॅकवर. लेकीचं तीन वस्तूंवर चालू आहे, गाल बरे आहेत.

नरकचतुर्दशीला पहाटे सगळे उठलो. मोती साबण आमच्याकडे वर्षातून एकदाच येतो, पण येतो म्हणजे येतोच, त्याचं लेबल कुणी वाचत नाही आणि वाचूही नये. सासूबाई पाटाजवळ उटण्याचं पाकीट घेऊन बसल्या होत्या, शेजारच्या इमारतीतल्या बाई घरी करतात त्यांच्याकडून घेतलेलं. लेक डोळे चोळत आली तर बघते काय, आजींनी पाकीट उलटं केलेलं, चष्मा नाकावर, ट्यूबलाइटखाली धरून वाचतायत. चंदन, नागरमोथा, कचोरा, आंबेहळद, वाळा, गुलाबपाकळ्या.

"काय गं," त्या लेकीला म्हणाल्या, "यात आंबेहळद किती टक्के ते का नाही लिहिलं?"

मी पाकीट घेऊन चारी बाजूंनी बघितलं. खरंच लिहिलेलं नव्हतं.